विश्व वाढून रायलं म्हणते, पण कोणाच्या वावरात?

धुरकरी (कारंजा, जि. वाशीम)

राजेहो, एक प्रश्न हाय, हसू नका.

आमच्याकडं या हप्त्यात रातची लाईन हाय. हरभऱ्याले पाणी सुरू हाय, त रात्री बाराले मोटर लावा अन् पहाटपर्यंत वावरात बसा असा कारभार. काल शनिवार होता म्हून पोट्टी संगं आली. बाबा त येतेच, रोही अन् डुकरं येते म्हून जागल करायची त्यायची सवय काही सुटत नाही. तुषारचे पाईप जोडले अन् धुऱ्यावर (म्हणजे बांधावर) शेकोटी करून बसलो. काल तारे लय तुटून रायले होते, पोट्टीनं अर्ध्या घंट्यात बावीस मोजले.

पोट्टी आठवीत हाय. ते म्हणे, आबाजी, हे तारे नाहीत, हे बारके गोटे हायत, खरे तारे तुटत नसते. अन् मंग जे सुरू झाली ते थांबलीच नाही. विश्व १३८० कोटी वर्षाआधी सुरू झालं, एवढ्याशा बिंदूतून निंगालं, तवापासून वाढून रायलं, आता बी वाढूनच रायलं. बाबा चूपचाप ऐकून रायले होते. तंबाखू मळून झाला, तोंडात टाकला अन् म्हणते, "वाढून रायलं त कोणाच्या वावरात वाढून रायलं? त्याच्या धुऱ्यापल्याड कोण हाय?"

पोट्टी गप. मी त गपच होतो.

तुमाले सांगतो, बाबाची अर्धी जिंदगी धुऱ्याच्या भांडणात गेली. शेजाऱ्यानं दोन तासं सरकवले म्हून तीनदा मोजणी आणली, अजून केस चालू हाय. ज्याले धुरा नाही असं वावर त्यायच्या डोक्यातच बसत नाही, अन् खरं सांगू का, माझ्या बी बसत नाही. म्या बीए केलं, ते बी मराठीत. तवा कोणी सोपं करून सांगान काय, विश्वाले धुरा हाय का, नसन त वाढते म्हणजे काय होते, अन् वाढून वाढून शेवटी त्याचं होते काय?

ठेचा

आधी कोणीतरी कापसाचा उद्याचा भाव सांगा, विश्वाचं मंग पाहू.

पऱ्हाटी (आर्णी, यवतमाळ)

@ठेचा भावापेक्षा विश्वाचं बरं हाय भाऊ, ते निदान वाढून त रायलं.

मास्तर_आर्वी (जि. वर्धा)

धुरकरी, तुमच्या वडिलांनी जो प्रश्न विचारला तो अगदी नेमका आहे, माझ्या वर्गात तीस वर्षांत दोनच पोरांनी विचारला असेल.

आधी हे वाढतं कशावरून ते बघू. एडविन हबल नावाचा माणूस कॅलिफोर्नियात माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीवर काम करायचा. दूरच्या दीर्घिका (ताऱ्यांचे प्रचंड मोठे समूह) आपल्यापासून लांब जातात, आणि जी दीर्घिका जितकी दूर तितकी ती जास्त वेगाने जाते, हे त्याने १९२९ मध्ये मांडलं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९२७ ला, बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यांनी गणितातून हेच काढलं होतं, आणि त्याही आधी १९२२ मध्ये रशियाच्या फ्रीडमन यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांतून दाखवलं होतं की विश्व वाढू किंवा आकसूही शकतं. खुद्द आइन्स्टाइनला हे बरीच वर्षं पटत नव्हतं.

आता वावराचा मुद्दा. आपल्या डोक्यात चित्र असं असतं की मोकळी जागा आधीच पडलेली होती, तिच्यात एक सुतळी बॉम्ब फुटला आणि तुकडे चहूकडे उडाले. तसं नाही. मोकळी जागाच वाढते आहे. म्हणजे तुमचा धुरा शेजाऱ्याच्या वावरात सरकत नाही, तर तुमच्या वावरातलं एक झाड आणि दुसरं झाड यांच्या मधली माती वाढते. झाडं जागेवरच आहेत, कोणी चाललं नाही, तरी अंतर वाढलं. धुरा सरकला नाही, एकरच मोठा झाला असं समजा.

शेवटचा_बाक

एकर मोठा झाला त सातबाऱ्यावर काय लिहायचं सर? तलाठी भाऊ त जुनाच आकडा धरून बसते.

वैनगंगा (ब्रह्मपुरी, चंद्रपूर)

मास्तरांचं बरोबर आहे पण माती वाढते म्हटल्यावर डोळ्यासमोर काही येत नाही. मी पोरांना लंबी रोटीवरून सांगते. उलट्या मडक्यावर टाकायच्या आधी ती दोन्ही हातांवर झुलवत झुलवत पातळ करतात पाहा, त्या कणकेवर कोंड्याचे ठिपके असतात. रोटी वाढते तसे सगळे ठिपके एकमेकांपासून लांब होतात. आता एखाद्या ठिपक्यावर बसून पाहिलं तर काय दिसेल? बाकीचे सगळे आपल्यापासून पळून राहिले, जवळचे हळू आणि लांबचे भरभर. दुसऱ्या ठिपक्यावर बसलं तरी तेच. म्हणजे प्रत्येकाला वाटतं मीच मध्ये आहे, आणि मध्ये कोणीच नाही.

शेवटचा_बाक

पण ताई रोटीले काठ असते ना. सावजीकडं काठच जास्त कडक लागते.

वैनगंगा

हो, काठ असतो, म्हणून उपमा तिथपर्यंतच धरायची. विश्वाला काठ सापडलेला नाही. आणि रोटी हातावर असते तसं विश्व कशावर तरी असायला पाहिजे असंही नाही.

धुरकरी

रोटीचं पटलं. बाबाले सांगतो. पण पोट्टी म्हणते बिंदूतून निंगालं. बिंदू कुठी होता मंग?

मास्तर_आर्वी

तो "बिंदू" शब्दच घोटाळा करतो. आपल्याला आज जेवढं विश्व दिसतं तेवढं सगळं तेव्हा अत्यंत दाट आणि तापलेलं होतं, इतकंच खात्रीने सांगता येतं. ते अमुक ठिकाणी घडलं असं नाही, सगळीकडे घडलं, कारण तेव्हाच्या जागेचीच ही आजची जागा झाली. या सुरुवातीलाच बिग बँग म्हणतात, आणि तो तुमच्या हरभऱ्याच्या वावरातही झालाच आहे, मुलीला सांगा. अगदी सुरुवातीच्या क्षणाचं मात्र गणित अडतं, तिथे आजचं पदार्थविज्ञान हात टेकतं.

आणि तुषारमधून जे पाणी उडतं ना, त्यातला हायड्रोजन तेव्हाचा आहे. पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन आणि हेलियमची अणुकेंद्रकं तयार झाली ती झाली. ऑक्सिजन नंतर ताऱ्यांच्या पोटात शिजला. पंप निम्मं १३८० कोटी वर्षांपूर्वीचं उपसतो.

ठेचा

वजनात नऊत एक हिस्साच हायड्रोजन असते मास्तर, निम्मं कायले म्हणता. आम्ही बी बारावी सायन्स हाओ, नापास असलो म्हून काय झालं.

मास्तर_आर्वी

मान्य. अणू मोजले तर तीनात दोन, वजन केलं तर नऊत एक. निम्मं कुठूनच येत नाही. काटा तुमचा खरा.

पोथीवाले_काका

आपल्याकडे हे सगळे फार आधी सांगून ठेवले आहे. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे ४३२ कोटी वर्षे. पृथ्वीचे वय ते आज ४५० कोटी सांगतात. पाश्चात्त्यांना विसाव्या शतकात कळले, आपल्या पूर्वजांनी ध्यानातून जाणले. यावर कोणी बोलत नाही.

पऱ्हाटी

सुरू झालं.

मास्तर_आर्वी

काका, एवढ्या मोठ्या काळाची कल्पना करायला हिंमत लागते आणि ती आपल्याकडे केली गेली, याचं मलाही कौतुक आहे. पण आकडा जुळणं आणि मोजणं यात फरक. पृथ्वीचं वय उल्केच्या दगडातल्या युरेनियम आणि शिशावरून मोजलं, १९५६ मध्ये. कोणालाही पुन्हा मोजता येतं, आणि चुकलं तर चूक दाखवता येते.

गंमत पाहा, ज्या लमेत्रचं नाव मी वर घेतलं तो स्वतः पाद्री होता. १९३१ मध्ये "आदिम अणू"ची कल्पना त्यानेच मांडली. पुढे १९५१ ला पोपनी बिग बँग म्हणजे ईश्वराने केलेल्या निर्मितीचा पुरावा अशा अर्थाचं भाषण केलं, तेव्हा ते लमेत्रलाच आवडलं नाही. धर्म आणि भौतिकशास्त्र यांची गाठ मारू नये असं त्याचं मत होतं. पाद्र्याला जे कळलं ते आपल्याला कळायला हरकत नसावी.

पोथीवाले_काका

मी गाठ मारत नाही, अभिमान सांगतो. असो. पाद्र्याची गोष्ट माहीत नव्हती, चांगली आहे.

लोणारकर (जि. बुलढाणा)

माझी एक खरी शंका आहे, टोमणा समजू नका. आमच्या गावाला सरोवर आहे, उल्केने बसाल्ट खडकात पाडलेला खड्डा, तोंड साधारण १.८ किलोमीटर. लहानपणापासून तिथे शाळेच्या सहली येताना पाहतो. तर या खड्ड्याचं वय एका पद्धतीने साधारण ५२ हजार वर्षं निघालं आणि २०११ मध्ये आर्गॉनच्या पद्धतीने ५ लाख ७० हजार. अकरा पटीचा फरक! खड्डा समोर आहे, हात लावता येतो, दगड घरी नेता येतो, तरी वय नक्की होत नाही. आणि विश्वाचं मात्र तुम्ही १३८० कोटी सांगता, तेही वर-खाली दोन-चार कोटीच म्हणे. कसं काय बुवा?

(२०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं होतं तेव्हा जो तो येऊन जगाचा शेवट आला म्हणून सांगत होता, शेवटी सूक्ष्मजीव निघाले.)

फ्यूज_वायर (वणी)

लोणारकर भाऊ, यावर मी बोलतो, माझं टीव्ही रिपेरिंगचं दुकान होतं वीस वर्षं.

जुना टीव्ही आठवते का, कौलावर अँटेना, चॅनल नसलं की मुंग्या यायच्या अन् खरखर. एक पोट्टा वर चढून अँटेना फिरवे, खालून सगळे ओरडत, आला आला, गेला गेला. त्या मुंग्यायमध्ये शंभरात एखादी मुंगी बिग बँगची होती. थट्टा नाही.

१९६४ ची गोष्ट. अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये पेन्झियास अन् विल्सन दोघं इंजिनियर टाईप शास्त्रज्ञ एका मोठ्या भोंग्यासारख्या अँटेनावर काम करत होते. सतत एक खरखर येई. दिवसा येई, रात्री येई, उन्हाळ्यात हिवाळ्यात येई, अँटेना कुठीबी फिरवा तेवढीच. वायर पाहिले, जॉईंट पाहिले, आम्ही जे करतो ते सगळं केलं. आत कबुतरायनं घर केलं होतं, ते हाकललं, त्यायची घाण साफ केली. तरी खरखर तीच. शेवटी कळलं का हे अँटेनाचं नाहीच, हे पूर्ण आभाळातून येऊन रायलं. विश्व ३ लाख ८० हजार वर्षाचं होतं तवा त्याचा उजेड पहिल्यांदा मोकळा झाला, तोच थंड होत होत आता शून्याखाली २७० डिग्री झाला, अन् तो अजून आपल्यावर पडून रायला. १९७८ ले दोघायले नोबेल भेटलं. मी वीस वर्षं तेच मुंग्या पाहिल्या, मले गिऱ्हाइकानं पन्नास रुपये बी टायमावर नाही दिले.

तर वय त्या उजेडावरून काढते. त्यात बारीक बारीक डाग आहेत, उपग्रहानं मोजले.

लोणारकर

हे भारी आहे. म्हणजे माझ्या खड्ड्यापेक्षा तुमच्या मुंग्या जास्त खरं बोलतात.

वैनगंगा

पण तेही वाटतं तितकं निपटलेलं नाही बरं का. विश्व किती वेगाने वाढतं याचा आकडा त्या जुन्या उजेडावरून काढला तर साधारण ६७ येतो, आणि जवळच्या ताऱ्यांवरून पायरी-पायरीने मोजला तर ७३ च्या आसपास. (दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांमागे सेकंदाला तितके किलोमीटर, असं ते माप आहे.) दोन्ही बाजू आपापल्या मोजणीवर ठाम. वर्षानुवर्षं भांडण चालू आहे आणि जेम्स वेब दुर्बीण आली तरी मिटलं नाही. धुरकरींच्या बाबांना सांगा, मोजणीवरून भांडण तिथेही आहे.

पुणेरी_पोट्टा (मूळ दारव्हा, आता पुणे)

एवढ्या चर्चेत नारळीकर सरांचं नाव कोणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं. बिग बँग हा शब्द फ्रेड हॉइल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवर वापरला, आणि त्याला स्वतःला तो सिद्धांत मुळीच मान्य नव्हता, नाव विरोधकानं ठेवलं आणि तेच चिकटलं. (आपल्या गावातल्या टोपणनावासारखं.) हॉइल, बॉन्डी आणि गोल्ड यांचं १९४८ पासून म्हणणं होतं की विश्वाला सुरुवातही नाही आणि शेवटही नाही, वाढतं तसं मध्ये नवीन द्रव्य थोडं थोडं तयार होत राहतं, त्यामुळे ते नेहमी सारखंच दिसतं. जयंत नारळीकर त्याच हॉइलचे केंब्रिजमधले विद्यार्थी, कोल्हापुरात जन्मलेले. मुंग्यांचा उजेड सापडल्यावर बहुतेक सगळे बिग बँगकडे गेले, नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्यासोबत सुधारलेला सिद्धांत मांडला, विश्व लांबच्या लांब काळात फुगतं आणि आकसतं असा. फार कोणी स्वीकारला नाही. मे २०२५ मध्ये ते गेले, शेवटपर्यंत प्रश्न विचारत राहिले. इकडे आयुका ही खगोलशास्त्राची संस्था त्यांनीच उभी केली, तिच्या फाटकावरून मी रोज बसने जातो आणि आत एकदाच गेलोय, ते पण २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला खुलं असतं तेव्हा.

माझं मत विचाराल तर बिग बँगचा पुरावा जड आहे. पण सगळे एका बाजूला असताना दुसऱ्या बाजूला हिशोब मांडून उभं राहायला दम लागतो.

पऱ्हाटी

+१. आमच्या ग्रामसभेत बी असा एक पाहिजे.

रानबोरी (सिंदेवाही)

थोडं अवांतर. २०२२ च्या पाडव्याले, २ एप्रिल, संध्याकाळी आभाळातून जळते गोळे रांगेनं गेले ते आठवते का? पूर्ण विदर्भानं पाहिलं. आमच्या तालुक्यात लाडबोरीले धातूची ही मोठी रिंग येऊन पडली. आमची बुढी म्हणे झालं, संपलं, देवाले दिवा लावा. शेजारचा म्हणे विमान पडलं, एक म्हणे पाकिस्तान. चिनी रॉकेटचा तुकडा असावा असं मंग तज्ज्ञायनं सांगतलं. तवापासून गावात कोणी विश्वाच्या अंताचं बोललं का लोकं म्हणते, आधी रिंग पाहून ये.

शेवटचा_बाक

भंगारवाल्यानं किती लावले रिंगचे?

रानबोरी

पोलिसायनं नेली ना बे.

धुरकरी

शेवटाचं कोणी सांगून नाही रायलं. पोट्टी रोज विचारते.

वैनगंगा

सांगते, पण खूश होऊ नका.

पूर्वी वाटायचं की गुरुत्वाकर्षण सगळ्याला ओढतंय, तेव्हा वाढ हळूहळू मंद होईल, कदाचित उलटी फिरेल आणि सगळं पुन्हा एकत्र येऊन चुरडेल. वर फेकलेला दगड खाली येतो तसं. १९९८ मध्ये दोन गटांनी वेगवेगळं, लांबच्या फुटणाऱ्या ताऱ्यांवरून मोजलं आणि निघालं भलतंच, वाढ मंदावत नाही, उलट वेग घेते आहे. म्हणजे दगड वर फेकला आणि तो वर वरच पळत सुटला. २०११ मध्ये त्याला नोबेल मिळालं. हे ढकलणारं जे काही आहे त्याला कृष्णऊर्जा म्हणतात, आणि ते काय आहे ते नाव ठेवणाऱ्यांनाही ठाऊक नाही. हिशोब असा लागतो की विश्वात ६८ टक्के ही ऊर्जा, २७ टक्के न दिसणारं द्रव्य, आणि आपण, तारे, माती, रोही, सगळे मिळून ५ टक्के.

ठेचा

माह्या कापसाचा हिशोब बी असाच निंगते. ५ टक्के हातात दिसते, ९५ टक्के कुठी गेलं पता नाही.

वैनगंगा

तर हे असंच चालू राहिलं तर शेवट थंड होण्यात आहे. आपला सूर्य अजून ५०० कोटी वर्षांनी फुगेल, त्याच्या खूप आधी, १०० कोटींच्या आसपास, पृथ्वीवरचं पाणी आटायला लागेल. बाकी तारे एक एक विझतील, नवे बनायचं बंद होईल. लहान लाल तारे लाखो कोटी वर्षं धुगधुगतील, मग तेही. शेवटी काहीच घडणार नाही असा गारठा. ऊर्जा पुढे आणखी जोर धरत गेली तर सगळं फाटून जाईल असंही एक गणित आहे. आणि २०२४-२५ मध्ये डेसी नावाच्या मोजणीतून उलटी कुणकुण लागली आहे की ती ऊर्जा कमी होत चालली असावी. ते पक्कं झालं तर शेवटाची गोष्ट नव्याने लिहावी लागेल. अजून पक्कं नाही.

मला स्वतःला वेगळीच गोष्ट जास्त लागते. जागा वाढत वाढत लांबच्या सगळ्या दीर्घिका इतक्या दूर जातील की त्यांचा उजेड आपल्यापर्यंत येणं बंद होईल. दहा-पंधरा हजार कोटी वर्षांनी इथे कोणी असलंच आणि त्याने दुर्बीण लावली, तर त्याला आपली एक दीर्घिका दिसेल आणि बाकी काळोख. मुंग्याही उरणार नाहीत, तो उजेड विरून गेला असेल. विश्व कधी वाढत होतं याचा पुरावाच हाती राहणार नाही. तो बिचारा म्हणेल, विश्व म्हणजे एवढंच.

पऱ्हाटी

ताई हे वाचून गावच आठवलं. आमच्या गल्लीत चौदा घरं होते. पोट्टे पुण्याले, नागपूरले, एक सुरतले. आता रात्री लाईट दिसते तीन घरी. माह्या नातवाले सांगतलं का पोळ्याले इथं पन्नास जोड्या उभ्या रायच्या तोरणाखाली, त तो म्हणते कायच्या काय सांगता.

पुणेरी_पोट्टा

हे माझ्यावर होतं ना.

पऱ्हाटी

नाही रे बावा, तू दिवाळीले येतं निदान.

धुरकरी

बाबाले आज सगळं वाचून दाखवलं. रोटीवर खूश होते, मोजणीच्या भांडणावर जास्तच खूश. मंग म्हणते, "काठ सापडला नाही म्हणजे नाहीच असं कसं? बॅटरी मारली का उजेड जिथवर जाते तिथवर वावर दिसते. पुढं बी वावर असतेच." हे बरोबर हाय का?

मास्तर_आर्वी

जवळजवळ. फक्त बॅटरी आपण मारतो, आणि इथे उजेड तिकडून यायचा आहे. पलीकडच्या शिवारात वीज चमकली आणि गडगडाट अजून आपल्यापर्यंत पोचायचा आहे, तसं समजा. जिथून उजेड पोचला तेवढं विश्व आपल्याला दिसतं, चहूबाजूंनी साधारण ४६५० कोटी प्रकाशवर्षं. (१३८० नाही, कारण उजेड वाटेत असताना जागा वाढत राहिली.) ती हद्द आपल्या पाहण्याची आहे, धुरा नव्हे. तिथे उभ्या असलेल्याला त्याच्या भोवती अशीच हद्द दिसेल आणि आपण तिच्या काठावर दिसू. पुढे किती आहे ते माहीत नाही. एवढ्या मोठ्या अंतरावर त्रिकोणाचे तीन कोन मिळून १८० अंशच भरतात, कुठे बाक दिसत नाही, हे प्लँक उपग्रहाच्या मोजणीतून कळलं. मग एक तर ते अमर्याद आहे, किंवा इतकं मोठं की बाक कळत नाही.

वडिलांना माझा नमस्कार सांगा.

लोणारकर

धुरकरी, एवढं बोलून रायलो त काही दाखवाच त्यांना. देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसते, २५ लाख प्रकाशवर्षं. पण बाराच्या लाईनची वाट पाहू नका, तोवर ती वायव्येकडे खाली उतरते. सात-साडेसातला वावरात जा, अमावस्या जवळ आहे, काळोख चांगला मिळेल. डोक्यावरून जरा उत्तरेकडे इंग्रजी एम सारखी शर्मिष्ठा दिसेल. तिचे दोन टोकदार कोपरे असतात, त्यातला जास्त टोकदार आहे तो बाणासारखा दक्षिणेकडे धरा आणि शर्मिष्ठेच्याच लांबीएवढं पुढे जा. धुरकट डाग दिसेल. थेट बघू नका, थोडं बाजूला बघा, मग उमटते. मोबाईल खिशात ठेवा, निदान पंधरा मिनिटं.

रानबोरी

अन् रात्री दोनले ईशान्येकडं खाट अन् तीन चोर दिसते ते बी दाखवा. पुस्तकात सप्तर्षी म्हणते, आमच्याकडं बुढीची खाट. मागचे तीन चोर, खाट चोरून नेऊन रायले.

वैनगंगा

गोंड लोकांतही हीच गोष्ट आहे. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे मयंक वाहिया यांनी अमरावतीच्या सहकाऱ्यासोबत विदर्भातल्या गोंडांचं आकाशज्ञान गोळा केलं, त्यात खाट आणि चोर आहेत. तिथे ऋषी कोणी नाही.

धुरकरी

दिसली!!

काल साडेसातले गेलो तिघं. पोट्टीले पहिले दिसली, मले पाच मिनिटानं. बाबाच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं हाय, त्यायले काही दिसेना, म्हणे तुम्ही मले बनवून रायले. बाजूले पाहा, बाजूले पाहा करता करता एकदम चूप झाले. मंग म्हणते, "हाव. कापूस पिंजताना उडते तसं हाय."

पोट्टीनं सांगतलं का आबाजी हा उजेड निंगाला तवा माणूसच नव्हता आजच्यासारखा. बाबा काही बोलले नाही. मंग तिनं सांगतलं का बाकी सगळ्या दीर्घिका दूर चालल्या, पण हे एक शेजारची हाय ते आपल्याकडं येऊन रायली, सेकंदाले ११० किलोमीटर. तवा बाबा असे हसले का शेकोटीपाशी खोकला लागला. म्हणते, "बरोबर हाय. दुनिया दूर जाते अन् शेजारीच तेवढा अंगावर येते."

ठेचा

बाबाले दंडवत. मंग घुसन कधी ते आपल्या वावरात?

लोणारकर

आधी ४००-५०० कोटी वर्षांनी नक्की धडकेल असं सांगायचे. २०२५ च्या एका अभ्यासात निघालं की पुढच्या १००० कोटी वर्षांत धडक होईल की नाही ते निम्मं-निम्मंच आहे. छापा-काटा.

ठेचा

अन् धुरकरी, तुह्या बाबाची धुऱ्याची केस त्याच्याआधी लागन का?

धुरकरी

जानेवारीत तारीख हाय.